उस्तवार करणाऱ्याचं आरोग्य: शेजाराने, गटाने आणि दवाखान्याने नेमकं काय करायचं

दीर्घ आजारी, अपंग किंवा विस्मरणाचा आजार जडलेल्या माणसाची उस्तवार बहुतेक घरांत एकच व्यक्ती करत असते. बायको, नवरा, मुलगी, सून, भाऊ, कधी शाळेत जाणारा नातू. त्याला पगार नसतो, सुट्टी नसते आणि पाळी संपल्यावर जागा घ्यायला कोणी येत नाही. 'तुम्ही काय करता?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'काही नाही, घरीच असते.' मदत करू पाहणाऱ्यांची पहिली अडचण इथेच आहे. 'काळजीवाहकांसाठी शिबिर' असा फलक लावला तर फारसं कोणी फिरकत नाही, कारण हा शब्द आपल्याला लागू होतो असं या लोकांना वाटतच नाही. ते स्वतःला मुलगा म्हणवतात, बायको म्हणवतात. त्यांना शोधायचं तर एक प्रश्न पुरतो: 'तुम्ही दोन दिवस तापाने पडलात, तर घरात कोणाचं खाणं, औषध किंवा संडासाला जाणं अडेल?' कोणाचं तरी नाव उत्तरात आलं, की ती व्यक्ती सापडली. हा प्रश्न औषधाच्या दुकानात दर महिन्याला दुसऱ्याची औषधं न्यायला येणाऱ्याला विचारता येतो, रुग्णाबरोबर आलेल्याला विचारता येतो आणि रुग्णालयातून घरी सोडताना तर विचारायलाच हवा.

त्यांना हवं असतं ते काय? 'स्वतःचीही काळजी घ्या' हा सल्ला त्यांना रोज मिळतो. तो अमलात आणायला वेळ लागतो, आणि तोच त्यांच्याकडे नसतो. म्हणून या लेखात मदत मोजायचं माप एकच धरलं आहे: या आठवड्यात त्या माणसाचे किती तास दुसऱ्या कोणीतरी खात्रीने उचलले? बाकीचं सगळं, म्हणजे गट, समुपदेशन, तपासण्या, याच्या आधारावर उभं राहतं. तास न देता बाकीचं दिलं, तर ते वापरायला कोणी येऊच शकत नाही.

शरीरावर काय होतं

याबद्दलचा सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा अभ्यास रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा, १९९९ सालचा. त्यांनी ६६ ते ९६ वयाच्या, जोडीदाराबरोबर राहणाऱ्या लोकांचा चार वर्षं मागोवा घेतला. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्यांमध्ये मृत्यूची जोखीम, सेवा न करणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त निघाली. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र अनेकदा गाळली जाते: जे सेवा करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात ही जोखीम वाढलेली दिसली नाही. आमच्या मते कामाचा गाभा इथे आहे. सेवा टाळता येत नाही, ताण कमी करता येतो.

१९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी थेट तपासणी केली. डिमेन्शिया म्हणजे विस्मरणाचा आजार झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया, सर्वांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. पहिल्या गटाला सरासरी ४८.७ दिवस लागले, दुसऱ्याला ३९.३. ताणामुळे प्रतिकारशक्तीचं काम मंदावतं, ते असं दिसतं. गट लहान होता, पण जखम सर्वांना सारखी होती, त्यामुळे दिसलेला फरक सहज झटकून टाकता येत नाही.

रोजच्या पातळीवर दिसतं ते साधं असतं. पाठ आणि खांदे धरतात. झोप तुटक होते. रक्तदाबाची गोळी संपून आठवडा झालेला असतो. दात ठणकत असतो, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, आणि सगळं अंगावर काढणं चाललेलं असतं, कारण स्वतःच्या तपासणीला जायचं तर घरी कोणाला बसवायचं?

ताण मोजता येतो

ताण नुसता चेहऱ्यावरून ओळखायला गेलं तर चुकतं. जी व्यक्ती सगळं हसतमुखाने करते, तिच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जातं. स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये यासाठी एक प्रश्नावली मांडली. तिच्या आज रूढ असलेल्या रूपात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ८८. स्वतःसाठी वेळ उरतो का, आजारी माणसाजवळ असताना राग येतो का, आता काय करावं हे कळेनासं होतं का, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ती ते वीसेक मिनिटांत विचारू शकते. एका वेळच्या आकड्यापेक्षा तीन महिन्यांनी तो कुठे सरकला हे जास्त उपयोगी, त्यामुळे तारीख घालून तो जपून ठेवा.

नैराश्याची प्राथमिक चाचपणी त्याहून सोपी आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश, सगळं व्यर्थ आहे असं किती वेळा वाटलं? 'अजिबात नाही'ला ०, 'काही दिवस'ला १, 'निम्म्याहून जास्त दिवस'ला २, 'जवळजवळ रोज'ला ३. बेरीज ३ किंवा जास्त आली, तर सविस्तर तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवायचं. हे निदान नव्हे, पुढे तपासायला हवं एवढंच त्यातून कळतं.

प्रश्न कुठे विचारता याला फार महत्त्व आहे. आजारी माणसाच्या खाटेशेजारी उभं राहून विचारलं तर 'सगळं बरं चाललंय' याखेरीज दुसरं उत्तर मिळत नाही. दाराबाहेर, गच्चीवर किंवा दवाखान्याच्या वेगळ्या खोलीत विचारा.

तास कसे द्यायचे

पर्याय तीन. कोणीतरी घरी येऊन बसतं. आजारी माणूस दिवसभरासाठी एखाद्या केंद्रात जातो. किंवा काही दिवस तो दुसरीकडे राहतो आणि तिथे त्याची पूर्ण व्यवस्था होते. शेजार आणि स्थानिक गट यांना झेपणारा प्रकार पहिला, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर.

आधी हिशोब. एका घराला आठवड्यात दोन-दोन तासांचे दोन टप्पे, म्हणजे ४ तास द्यायचे ठरवलं, तर वर्षाचे २०८ तास होतात. एक स्वयंसेवक आठवड्याला २ तास देतो असं धरलं, तर एका घरामागे दोन माणसं लागतात आणि आजारपण-प्रवासासाठी एक राखीव. तीन घरं एकत्र धरली तर दोनच राखीव पुरतात, म्हणजे सहा अधिक दोन, आठ माणसं. सुरुवात तीन घरांपासूनच करावी. उत्साहात पंधरा घरांना शब्द दिला जातो, दुसऱ्या महिन्यात गळती लागते, आणि ऐनवेळी 'आज जमणार नाही' असा निरोप जातो. असं दोनदा झालं की त्या घराचा विश्वास उडतो. हमखास मिळणारे दोन तास हे कदाचित मिळतील अशा सहा तासांपेक्षा कितीतरी मोलाचे, कारण हमखास तासांवरच डॉक्टरांची वेळ घेता येते.

वाटपाचं काम पाहणारी एक व्यक्ती हवी, आणि ती सेवा करणारी व्यक्ती नसावी. हे ठामपणे सांगावं लागतं. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणारे दहा जण असतात, पण कोणाला, कधी, काय सांगायचं याचं नियोजन त्या थकलेल्या बाईवरच येऊन पडलं, तर मदत म्हणजे आणखी एक काम होऊन बसतं. संयोजकाने तिला एकदाच विचारून यादी करावी आणि मग लोकांकडे नेमकं मागावं: 'मंगळवारी चार ते सहा बसाल का?', 'दर महिन्याच्या पाच तारखेला औषधं आणाल का?' नेमक्या मागणीला लोक होकार देतात. मोघम विनंती हवेत विरते.

येणाऱ्या माणसाची निवड काटेकोर हवी, कारण तो परावलंबी माणसाजवळ एकटा बसणार आहे. ओळखपत्र पाहा, ओळखणाऱ्या दोन जणांकडे चौकशी करा, पहिल्या तीन भेटी अनुभवी माणसाबरोबर जोडीने ठेवा. दोन अर्ध्या दिवसांत जे शिकवायचं ते इतकंच: हात धुणं, बसतं करून भरवणं, घास अडकला तर काय करायचं, माणूस पडला तर काय करायचं, आणि घरातलं ऐकलेलं-पाहिलेलं बाहेर न बोलणं. काय करायचं नाही तेही लेखी द्यावं. इंजेक्शन नाही, नवीन औषध नाही, डोस बदलणं नाही, पैशाचे किंवा बँकेचे व्यवहार नाहीत.

पहिल्याच दिवशी दोन तास द्यायला जाऊ नका. पहिली भेट अर्ध्या तासाची, सगळे घरात असताना. दुसरी एक तासाची, सेवा करणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत. तिसऱ्या भेटीत ती बाहेर पडते. हे टप्पे गाळले की आजारी माणूस अनोळखी चेहऱ्याला घाबरून आरडाओरडा करतो, तिला निम्म्या वाटेवरून परतावं लागतं, आणि 'माझ्याशिवाय त्यांचं चालतच नाही' ही समजूत आणखी घट्ट होते. विस्मरणाच्या आजारात तर चेहरा, वार आणि वेळ तीनही शक्यतो ठरलेली असावीत.

घरात एक पान तयार करून फ्रिजच्या दारावर किंवा खाटेजवळच्या भिंतीवर लावावं. आजारी माणसाला काय म्हणून हाक मारायची, ऐकू कोणत्या कानाने येतं, चष्मा आणि दातांची कवळी कुठे आहे, पाणी कपाने देतात की चमच्याने, संडासची खूण काय, कशाने चिडतात, कशाने शांत होतात, कोणती ॲलर्जी आहे. हे पान करायला तासभर लागतो, आणि तो तास लिहिणाऱ्याने बसून द्यावा. सेवा करणाऱ्या व्यक्तीने फक्त सांगावं.

मिळालेल्या वेळात ती काय करते याकडेही बघा. बहुतेक जणी पहिले कित्येक आठवडे तो वेळ धुणं, रांगा आणि बिलं यांत घालवतात. त्यांना दोष देऊ नका, कामं खरीच साचलेली असतात. यावर उपाय म्हणजे किराणा, बिलं आणि औषधं दुसऱ्या कोणावर सोपवून बसण्याचा वेळ मोकळा करणं, आणि जमल्यास दोन तासांचा टप्पा तीनचा करणं. जाण्या-येण्यात चाळीस मिनिटं गेली तर दोन तासांत उरतं तरी काय?

रात्र

दिवसापेक्षा रात्र जास्त पोखरते. दर दीड-दोन तासांनी उठावं लागलं, तर एकूण सहा तास अंथरुणात घालवूनही गाढ झोपेचा वाटा फार कमी राहतो. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होतं तितकं ढासळतं. रात्री अकराला इन्सुलिन मोजून देणारी व्यक्ती पहाटे पाचपासून उभी असेल, तर चुकीची शक्यता कुठून येते ते यावरून कळावं.

घरात दुसरं कोणी असेल तर रात्र मधोमध तोडा: एक जण दहा ते दोन, दुसरा दोन ते सहा. दोघांनाही चार तास सलग मिळतात. दोघांनी रात्रभर अर्धवट जागं राहणं हा सर्वांत वाईट प्रकार, आणि तोच सर्वांत जास्त दिसतो. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावं. घरात दुसरं कोणी नसेल तर आठवड्यातून एक रात्र नातेवाईक किंवा पगारी मदतनीस मिळवण्याला इतर सगळ्या मदतीच्या आधी स्थान द्यावं.

उठण्याचं कारणही तपासा. लघवीसाठी उठावं लागत असेल, तर संध्याकाळनंतर पाणी किती आणि कधी द्यायचं, लघवी वाढवणारी गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. कुशीवर वळवायला उठावं लागत असेल, तर पुढचा भाग नीट वाचा. तिथे झोप वाचवण्याची जागा आहे.

पाठ वाचवणं आणि कातडी वाचवणं

माणूस उचलण्याच्या कामात एका व्यक्तीने हातांनी पेलायच्या वजनाची शिफारस केलेली कमाल मर्यादा, अनुकूल परिस्थितीतसुद्धा, साधारण १६ किलो आहे. ६० किलोच्या माणसाचा एकेक पाय जवळपास १० किलोचा असतो. म्हणजे मोठ्या माणसाला एकट्याने 'उचलणं' मुळात शक्य धरायचंच नाही. त्याला सरकवायचं, वळवायचं, उठायला मदत करायची.

खाटेवर वर सरकवायचं तर खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी आडवी चादर कायम अंगाखाली ठेवा. दोन बाजूंना दोघांनी ती अंगालगत गुंडाळून धरायची, त्या माणसाला शक्य असेल तर गुडघे दुमडून टाचा रोवायला सांगायचं, आणि तीन म्हणताच एकदम सरकवायचं. त्वचा चादरीवर घासली जात नाही आणि वजन पाठीवर येत नाही. खाट कमरेच्या उंचीची असावी. ती खाली-वर होत नसेल तर वाकून उभं राहण्याऐवजी एक गुडघा खाटेवर टेकवा.

खाटेवरून खुर्चीत बसवताना खुर्ची रुग्णाच्या जास्त ताकद असलेल्या बाजूला, खाटेशी तिरकी ठेवा. चाकं असतील तर ब्रेक लावा. आधी त्याला काठाशी बसवून दोन मिनिटं थांबा. एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते आणि पडणं इथेच घडतं. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, धड पुढे झुकलेलं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठणं सोपं जातं. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा त्याने निखळू शकतो. त्याने तुमच्या गळ्यात हात टाकणंही टाळा, कारण तो घसरला तर सगळा भार तुमच्या मानेवर येतो. पडायला लागलाच तर सरळ धरून ठेवायचा हट्ट न करता अंगाला टेकवत हळूहळू खाली बसू द्या. पाठी बहुतेक त्या एका क्षणात मोडतात.

जखमांबद्दल: स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. दाट फोमची चांगली गादी असेल आणि त्वचा व्यवस्थित असेल, तर हे अंतर तीन किंवा चार तासांपर्यंत नेता येऊ शकतं. घरी येणाऱ्या नर्सला त्वचा दाखवून हे ठरवून घ्या, कारण रात्री तीन उठण्यांचं एक उठणं झालं तर सांभाळणाऱ्याचं आयुष्य बदलतं. कुशीवर पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कलता कोन ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहायला हव्यात. रोज एकदा माकडहाड, नितंब, टाचा आणि कोपरं पाहा. लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा होत नसेल, तर जखमेची ती सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम, कडक किंवा दुखरा लागणारा भाग शोधा. अशा जागी चोळू नका आणि मधे भोक असलेली गोल रिंग तर वापरूच नका. रिंगच्या कडेमुळे आतल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

हे सगळं वाचून येत नाही. नर्सने किंवा फिजिओथेरपिस्टने घरी येऊन, त्याच खाटेवर, एकदा दाखवावं आणि मग सेवा करणाऱ्याकडून करून घ्यावं. रुग्णालयातून घरी सोडतानाही हीच पद्धत हवी. 'समजलं ना?' विचारल्यावर सगळेच हो म्हणतात. 'आता ही नळी तुम्ही कशी साफ कराल ते मला करून दाखवा' असं म्हटल्यावर खरं काय समजलं ते दिसतं.

मनाचं

राग येतो. आजारी माणसाचा, न येणाऱ्या भावंडांचा, स्वतःचा. 'हे कधी संपेल' असा विचार मनात येऊन जातो आणि पाठोपाठ अपराधीपणाची भावना येते, कारण संपणं म्हणजे काय हे माहीत असतं. हा विचार जवळपास सर्वांना कधी ना कधी येतो, आणि तो आला म्हणून प्रेम कमी झालं असं होत नाही. एवढं दुसऱ्या कोणाकडून ऐकलं तरी खूप हलकं वाटतं. माणूस समोर आहे पण पूर्वीचा राहिलेला नाही, अशा दुःखाला पॉलिन बॉस या अभ्यासिकेने 'संदिग्ध वियोग' अशा अर्थाचं नाव दिलं. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, सुतक पाळलं जातं. या वियोगाला तसलं काहीच नसतं, म्हणून त्याबद्दल बोलायला जागा लागते.

ती जागा म्हणजे लहान गट. सहा ते दहा जण, महिन्यातून दोनदा, दीड तास, ठरलेला वार. त्या वेळात घरी बसायला माणूस गटानेच पुरवायचा, नाहीतर सर्वांत जास्त गरज असलेले लोकच येऊ शकत नाहीत. नियम तीन: इथलं बाहेर जायचं नाही, न विचारता सल्ला द्यायचा नाही, प्रत्येकाला वेळ मिळेल. चालवणाऱ्याने एकाच माणसाला तासभर बोलू देणं ही गट मोडण्याची नेहमीची वाट आहे. ज्यांना घर सोडताच येत नाही त्यांच्यासाठी फोनवर चार-पाच जणांचं बोलणं ठेवा.

नुसत्या बोलण्यापेक्षा काही शिकवणारे कार्यक्रम जास्त टिकाऊ ठरलेले आहेत. 'स्टार्ट' नावाच्या ब्रिटिश कार्यक्रमात डिमेन्शियाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांना आठ भेटींत त्रासदायक वागणं कसं हाताळायचं, स्वतःचे विचार कसे ओळखायचे, शरीर सैल कसं करायचं आणि मदत कशी मागायची हे शिकवतात. शिकवणारे मानसशास्त्राचे पदवीधर, त्यांना देखरेखीखाली तयार केलेलं. मोठे तज्ज्ञ लागले नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चिंता आणि नैराश्य कमी झालेलं दिसलं. मेरी मिटलमन यांच्या न्यू यॉर्कमधल्या कामात, जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ जणांपैकी निम्म्यांना सहा समुपदेशन भेटी, नंतर गट आणि हवा तेव्हा फोन, असा आधार दिला गेला. त्यांच्या जोडीदारांना शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ ५५७ दिवसांनी लांबली. त्या सहा भेटींतल्या चार पूर्ण कुटुंबासोबतच्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखं. भावंडांना एका खोलीत बसवून 'कोण किती तास, कोण किती पैसे' हे तिसऱ्या माणसाच्या समोर ठरवणं एकटीला समजावत बसण्यापेक्षा जास्त कामी येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा २३ धड्यांचा कार्यक्रमही याच विषयावर आहे आणि तो घरबसल्या, आपल्या गतीने करता येतो.

काही खुणांवर थांबायचं नसतं. रुग्णाला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार, रुग्णाला ढकललं-मारलं जाणं किंवा खोलीत कोंडणं, झोपेच्या गोळ्या किंवा दारू वाढणं, सलग दोन-तीन दिवस न झोपणं. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य सेवेशी संपर्क करा, आणि त्या रात्री दोघांना एकटं सोडू नका. हात उचलला गेला असं कोणी सांगितलं, तर आधी दोघांची सुरक्षितता पाहा. सांगण्याचं धैर्य दाखवणाऱ्याला झिडकारलं तर पुढच्या वेळी कळणारच नाही.

दवाखान्याने करायच्या गोष्टी

सेवा करणाऱ्याच्या स्वतःच्या केसपेपरवर 'घरी परावलंबी रुग्ण' अशी नोंद करा. एवढ्याने पुढचं बरंच सोपं होतं: दोघांना एकाच दिवशी, लागोपाठची वेळ देता येते, रांगेत कमी थांबवता येतं, फ्लूची लस दोघांना बरोबर टोचता येते. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, वजन, पाठ आणि नैराश्याच्या चाचपणीचे वरचे दोन प्रश्न. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनुसार अशा व्यक्तीच्या स्वतःच्या गरजांची तपासणी हा तिचा कायदेशीर हक्क आहे. जिथे असा कायदा नाही, तिथेही ही चौकशी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

शाळकरी मुलं वेगळी पाहावी लागतात. सतत उशिरा येणारा, गृहपाठ न करणारा, सहलीला नाही म्हणणारा मुलगा घरी आईला आंघोळ घालत असेल. वर्गासमोर नव्हे, एकटं असताना विचारा. त्याच्यासाठी गटापेक्षा आधी घरात मोठ्या माणसाची मदत पोहोचवा.

अचानकची सोय

सेवा करणारी व्यक्तीच रुग्णालयात दाखल झाली तर? याचं उत्तर आधीच कागदावर हवं. एका पानावर: पहिल्या तासात कोणाला फोन, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, पहिले ४८ तास कोण राहील, औषधांचा तक्ता, रुग्णाचे आजार आणि डॉक्टर, जेवणाची पथ्यं. औषधांच्या तक्त्यात कोणती गोळी कुटायची नाही हेही लिहा, कारण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. पानाची एक प्रत घरी, एक संयोजकाकडे, एक नियोजित माणसाकडे. सेवा करणाऱ्याच्या पाकिटात एक चिठ्ठी: 'माझ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती घरी एकटी आहे, या क्रमांकावर कळवा.' औषधं बदलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी पान नवीन करा. जुनं पान फाडून टाका. दोन पानं राहिली की नेमकं चुकीचं हाताला लागतं.

पैसा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, ६४ देशांच्या आकडेवारीवरून, रोज १६४० कोटी तास बिनपगारी काळजीचं काम होतं, आणि त्यातलं ७६.२ टक्के स्त्रिया करतात. यात मुलं सांभाळणं आणि घरकामही धरलेलं आहे. उस्तवारीसाठी नोकरी सोडली की आजचा पगार जातोच, पुढचं निवृत्तिवेतनही घटतं. म्हणून नोकरी सोडण्याआधी मालकाकडे अर्धवेळ, बदललेली वेळ किंवा काही महिन्यांची रजा लेखी मागावी. अपंगत्वाचे, आजाराचे, शुश्रूषेचे जे भत्ते लागू असतील त्यांचे अर्ज भरून देणारा एक जाणकार गटात असावा. अपुऱ्या वर्णनामुळे अर्ज फेटाळले जाऊ शकतात. 'मदत लागते' असं न लिहिता 'रात्री तीन वेळा उठवून लघवीला न्यावं लागतं, आंघोळीला दोन माणसं लागतात' असं लिहा, आणि सगळ्यात वाईट दिवसाचंही वर्णन करा.

संपल्यानंतर

माणूस गेल्यावर किंवा संस्थेत हलवल्यावर मदत त्याच दिवशी बंद होते, आणि सेवा करणाऱ्याला अचानक चोवीस तास रिकामे मिळतात. शरीर मात्र रात्री दोनला उठायची सवय लगेच सोडत नाही. खाट, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचा सिलिंडर आपणहून हलवू नका, त्या घराने सांगितलं की त्याच दिवशी उचलून न्या. उरलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या आणि कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्या मोजून दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात परत करा. साठलेल्या तपासण्या, दात, डोळे, रक्तदाब, तीन महिन्यांत उरकायच्या, आणि पहिल्या भेटीला कोणीतरी बरोबर जायचं. गटाचं दार सहा महिने तरी उघडं ठेवा. आणि मंगळवारी चार ते सहा जो स्वयंसेवक यायचा, त्याने पुढचे आठ आठवडे त्याच वेळी येत राहावं, आता सेवा करणाऱ्याशी बोलायला.